दुधाच्या दातांची वकील

माझ्या तोंडातले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात माझ्या सुनेने केलेले आहेत. सुना सासऱ्याचे दात घशात घालतात असं लोक सांगतात, माझ्या सुनेने ते तोंडात घातले. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. टपालवाल्याला सांगून झाली आहे, गिरणीवाल्याला दोनदा. तुम्ही आता सापडला आहात.

सूनबाई कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. गावातले तीन दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन डब्यातून तिथे पाठवतात. त्या ठशात प्लास्टर ओतायचं आणि तो थरथरणाऱ्या टेबलावर ठेवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. एक बुडबुडा आत राहिला तर जबड्यावर चामखीळ उठते आणि कवळी आयुष्यभर टोचते. मग मेण लावायचं, मेणात एकेक दात उभा करायचा, मेणाच्या जागी प्लास्टिक भरून शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं. चौदा वर्षं ती हे करते आहे. कोपरापर्यंत हात पांढरे करून घरी येते. नातीला आम्ही चिमणी म्हणतो. ती लहानपणी आईचे हात बघून विचारायची, आई, तू पिठात काम करतेस का.

कारखान्याच्या एका भिंतीला फळ्या आहेत आणि फळ्यांवर जबडे मांडलेले. त्यांच्यावर नावं नाहीत, फक्त आकडे. कोणता जबडा कोणाचा हे सूनबाईला तोंडपाठ आहे, पण तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. मी खोदून खोदून विचारलं आहे. गावातली एक बडी असामी हसताना पत्रिकेतल्या फोटोसारखी दिसते, तिचे दात खरे की खोटे, एवढंच सांग म्हटलं. सूनबाई म्हणाली, दुसऱ्याच्या तोंडातली गोष्ट आपल्या तोंडात घेऊ नये, बाबा. तो विषय तिथेच मिटला.

माझी कवळी करताना मात्र आमचं भांडण झालं. रंग ठरवायला त्यांच्याकडे सोळा दातांची एक पट्टी असते. मी त्यातला सगळ्यात पांढरा दात निवडला. ती म्हणाली, हा रंग वीस वर्षांच्या पोराचा, तुमच्या तोंडात तो दुधाच्या बाटलीसारखा दिसेल. मी म्हटलं, पैसे मी देतोय. ती म्हणाली, हात माझे आहेत. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी कवळी आली ती पिवळसर रंगाची आणि पुढचा एक दात किंचित तिरका. मी चिडणार तेवढ्यात आमची ही आतून आमच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. त्या फोटोत मी हसतो आहे आणि माझा पुढचा दात तस्साच तिरका आहे. सुनेने कोणालाही न सांगता फोटोवरून माझं जुनं हसू काढलं होतं. त्या दिवसापासून मी हसायची एकही संधी सोडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. नाहीतर आमची ही म्हणते की माझी गोष्ट म्हणजे मारुतीचं शेपूट.

कारखान्यात कधीमधी लहान मुलांचे जबडे येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ किडून काढावी लागली की त्या जागी तारेचा एक छोटा टेकू बसवतात, नाहीतर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि पक्का दात यायला वाट उरत नाही. पूर्वी असा एखादा जबडा वर्षाकाठी यायचा. त्या वर्षी दिवाळखोराच्या दारात सावकार यावेत तसा एकेक करत अकरावा आला. मुठीत मावेल एवढा जबडा आणि त्यात चार खड्डे. सूनबाई तो रुमालात गुंडाळून घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. जेवली नाही.

याचं मूळ जुनं आहे. ती सात वर्षांची असताना तिची दाढ किडली. रात्रंदिवस ठणका. घरात सगळे म्हणायचे, दुधाचीच दाढ, पडणारच आहे, घाबरतेस कशाला. ती पडायची वाट बघता बघता गाल लिंबाएवढा सुजला, आठ दिवस शाळा बुडाली, शेवटी दाढ काढावी लागली. तिच्या जागी आलेली दाढ रांग मोडून बाहेर उभी राहिली. अजून तशीच आहे. सूनबाई हसते तेव्हा ती दिसते आणि ती कधी हात आडवा धरत नाही.

तर तो अकरावा जबडा घेऊन ती दुसऱ्या दिवशी चिमणीच्या शाळेत गेली, थेट मोठ्या बाईंकडे.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. माझा मुलगा त्यांच्या हाताखालून गेला, आता नात जाते आहे. बाईंच्या टेबलावर काचेची एक बरणी असते, रंगीत गोळ्यांची. जो वेळेवर आला, ज्याने कविता पाठ म्हटली, त्याला शाळा सुटताना एक गोळी. बरणीला नावं ठेवणं म्हणजे बाईंना नावं ठेवणं. आणि बाईंचंही चुकत नव्हतं हो. सव्वीस वर्षांपूर्वी बालवर्गात अकरा मुलं यायची. बरणी आली आणि वर्ग भरला. आम्ही लहान होतो तेव्हा मास्तर छडीने वर्ग भरायचे. त्या मानाने गोळी बरी.

सूनबाईने जबडा टेबलावर बरणीशेजारी ठेवला आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, बालवर्गाला दात सांभाळायला शिकवायचं, आठवड्यातून अर्धा तास, फुकट. दुसरी, बरणी बंद करायची. शाळा सुटताना गोळी तोंडात टाकली की मूल ती घरी पोहोचेपर्यंत चघळत जातं. तोंडात राहणारे जंतू त्या गोडावर जगतात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दात पोखरतं. चूळ भरायला वाटेत नळ नाही. बाईंनी पहिली मागणी मान्य केली. शनिवारचा शेवटचा अर्धा तास दिला. दुसरीवर त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, दुधाचेच दात, ते पडणारच आहेत.

 सूनबाईने घरी येऊन प्लास्टरची गोणी उघडली.

तिने विटेएवढी एक दाढ केली, माथ्यावर डोंगर-दऱ्या असलेली. शिवाय वर्गातल्या बावीस मुलांसाठी बावीस छोटे जबडे. शनिवारी प्रत्येकाच्या हातात एक जबडा, एक ब्रश आणि सगळ्या दाढांच्या खाचांत भरलेली निळी शाई. शाई निघेपर्यंत घासायचं. मुलं पुढचे दात चकाचक करायची आणि मागे शाई तशीच. मग तिने ब्रश आडवा, तिरका, मागे, आतल्या बाजूने कसा फिरवायचा ते दाखवलं. पेस्ट वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. आईबाबांनी सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मारायचा, कारण लहान हाताला मागचं जमत नाही. आणि तिची लाडकी गोष्ट म्हणजे गुपचूप येणारी दाढ. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ येते. कोणाला कळतच नाही. सगळ्यांना वाटतं तीही दुधाचीच. पण ती असते पक्की, मरेपर्यंतची. मुलांनी तोंडात बोटं घालून शोधायची. ज्याला सापडली त्याने उभं राहायचं. तीन शनिवारांत पाच जण उभे राहिले. चिमणीला सापडली नाही म्हणून ती रडली आणि रोज सकाळी आजीच्या आरशात शोधू लागली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी मधे पडलो.

चौथ्या शनिवारी सूनबाईने मला जबड्यांची पेटी उचलायला बरोबर नेलं. ताकीद देऊन नेलं की पेटी ठेवायची आणि मागे बसायचं. मी बसलो. दहा मिनिटं बसलो. सूनबाई नळावर ब्रश धुवायला गेली आणि एका पोराने मला विचारलं की आजोबा, तुम्हाला किती दात आहेत. आता मला कोणी असं विचारलं तर मी काय करणार. मी वरची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. मग खालची काढली. मग दोन्ही हातात धरून त्यांच्याकडून एकमेकांशी गप्पा मारून घेतल्या. वरची विचारते, जेवलीस का. खालची म्हणते, तुझ्याशिवाय कशी जेवू. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मी मुलांना सांगितलं की ह्यांना कीड लागत नाही, हे दुखत नाहीत, रात्री पाण्यात झोपतात आणि मी तोवर मोकळा. सूनबाई दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला, पण तोवर बाण सुटला होता.

सोमवारपासून बालवर्गातल्या मुलांनी दात घासणं बंद केलं.

एक-दोघांनी नव्हे. एका मुलीने आईला सांगितलं की मी घासणार नाही, मला लवकर दात पाडून आजोबांसारखे बोलणारे हवेत. एका मुलाने चांगला घट्ट दात दोऱ्याला बांधून दाराच्या कडीला अडकवला. सुदैवाने दार आत उघडणारं निघालं. आमच्या चिमणीने तर माझ्यासमोर येऊन गंभीरपणे विचारलं की आजोबा, तुम्ही मेल्यावर ते मला मिळतील का. बुधवारपर्यंत सात आया मोठ्या बाईंच्या दारात उभ्या होत्या.

गुरुवारी बाईंनी सूनबाईला बोलावलं. मीही गेलो. गुन्हा माझा होता. वाटभर मी तिची माफी मागत होतो आणि ती म्हणत होती, बाबा, पायाखाली बघून चाला.

बाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अर्धा तास बंद. मुलं होती तशी बरी होती. निदान घासत तरी होती. दुधाचे दात आहेत, पडतील, नवे येतील, सव्वीस वर्षं मी पाहते आहे. मी सांगायला तोंड उघडलं की चूक माझी. सूनबाईने हातानेच मला थांबवलं.

"बाई," ती म्हणाली, "पडणार आहेत म्हणून सडवायचे? आपण सगळेच एक दिवस जाणार आहोत. म्हणून आजपासून अंघोळ सोडायची का?"

बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही आल्यापासून पाहतेय, तुम्हाला कोणी नाही म्हटलेलं चालत नाही."

"चालतं. पण कारण तरी नवं द्या. हे कारण मी सात वर्षांची असताना ऐकलंय." आणि तिने ओठ बाजूला ओढून ती रांग मोडलेली दाढ बाईंना दाखवली. "हे ह्या कारणाचं फळ."

 बाहेर घंटा झाली, मुलं पळाली. मग सूनबाईने सांगितलं की मला एक शनिवार द्या, शेवटचा. तुम्ही स्वतः येऊन बसा. त्या अर्ध्या तासानंतर वर्गाला विचारा, आजोबांसारखे दात कोणाला हवेत. एक जरी हात वर आला, तर मी पुन्हा ह्या शाळेची पायरी चढणार नाही. आणि एकही आला नाही, तर अर्धा तास माझा आणि बरणी कपाटात.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बावीस मुलं आणि एकही हात नाही. बालवर्गात कोण जेवलं विचारलं तरी न जेवलेला हात वर करतो. पण बाईंनाही चेव चढला होता. त्या म्हणाल्या, ठीक.

घरी आल्यावर मी विचारलं, आता काय करणार आहेस. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, शनिवारी वर्गात पेरू खाल?"

आमच्या हिने स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी टपालवाल्यालाही सांगितलेली नाही. मी नऊ वर्षांत पेरू खाल्लेला नाही. लोकांना सांगतो की आवडत नाही. खरं म्हणजे कवळीने कच्चा पेरू चावता येत नाही. पुढून चावलं की मागून उचकटते. आणि बिया. पेरूची एक बी कवळीखाली गेली की हिरडीवर असं वाटतं जसं कोणी बुटात खडा टाकून पळायला सांगितलं आहे. हे फक्त दोघींना माहीत. आमच्या हिला, कारण तिच्यापासून काही लपत नाही. आणि सूनबाईला, कारण माझी हिरडी जिथे जिथे सोलते तिथे तिथे ती कवळी घासून देते.

मी म्हटलं, का नाही खाणार. दाखवतो खाऊन. तू केलेल्या कवळीत काय कमी आहे.

"काही कमी नाही," ती म्हणाली. "चौदा वर्षांत केलेली सगळ्यात चांगली कवळी आहे ती. पण ते दात नव्हेत. तुम्हाला जमलं तर मी हरले. तुम्ही मुद्दाम हरायचं नाही हां बाबा. खरं खायचं. मुलांना खोटं लगेच कळतं."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मनात ठरवलं की खाऊनच दाखवायचं. इज्जतीचा प्रश्न होता. शुक्रवारी गपचूप बाजारात जाऊन एक मऊ, पिवळा, पिकलेला पेरू आणून खिशात ठेवला.

शनिवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या, बरणी मांडीवर घेऊन. बावीस मुलं पुढे सरसावून बसली, कारण आजोबांचे दात परत बोलणार. सूनबाईने मला टेबलामागे उभं केलं, हसून विचारलं की पेरू आणलाय का. मी खिशातला काढला. तिने तो घेतला, बोटाने दाबला, बाजूला ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढला. हिरवा, दगडासारखा. म्हणाली, मुलांनो, आजोबा पेरू खाणार आहेत.

मी पहिला चावा घेतला. म्हणजे घ्यायला गेलो. वरचे पुढचे दात पेरूत रुतले. मी ओढलं. पेरू बाहेर आला आणि त्याबरोबर वरची कवळीही, पेरूला हसत असल्यासारखी चिकटून. मुलं हसली. मीही हसलो, कवळी सोडवली, बसवली, परत चावलो. या वेळी बाजूने. एक तुकडा निघाला. मी तो चघळू लागलो आणि तिसऱ्या घासाला एक बी जायची तिथे गेली.

डोळ्यांत पाणी आलं.  मी थांबलो नाही. इज्जतीचा प्रश्न होता. अजून एक बी गेली. मी तोंड दुसरीकडे वळवलं, गिळलं, घाम पुसला आणि सगळ्यांना खोटं हसून दाखवलं. चिमणी उठून पुढे आली.

"आजोबा," ती म्हणाली, "दुखतंय का तुम्हाला?"

मी मुलखाचा थापाड्या माणूस. मासे न पकडता पकडल्याच्या गोष्टी मी पंचेचाळीस वर्षं सांगितल्या आहेत. पण नात समोर उभी होती आणि मागे सूनबाई. ती मला एका शब्दानेही सोडवत नव्हती आणि अडकवतही नव्हती.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखतंय. माझे दात असते तर मी हा पेरू केव्हाच संपवला असता. मला पेरू फार आवडतो. नऊ वर्षं झाली."

मग मी कवळी काढून, तोंड फिरवून, वाटीत चूळ भरली. यावेळी कोणी हसलं नाही. मी बिनदाताच्या तोंडाने त्यांना सांगितलं की तुमच्यासारखाच मी दात घासायचा कंटाळा करायचो, घरचेही म्हणायचे पडतीलच, आणि ते पडले. आधी दुधाचे, मग पक्के. पक्के पडले की मागून कोणी येत नाही.

सूनबाईने मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या. बरणी तशीच हातात. त्यांनी स्पष्ट आवाजात विचारलं, आजोबांसारखे दात कोणाला हवेत, हात वर करा.

एक हात वर आला.

तिसऱ्या ओळीतला, दोरा बांधणारा तोच मुलगा. मी डोळे मिटले. बाईंनी विचारलं, तुला हवेत आजोबांचे दात?

"दात नको," तो म्हणाला. "मला तो पेरू हवाय. त्यांना जमत नाही ना, मला जमतं."

सूनबाईने बाईंकडे पाहिलं. बाईंनी बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, हा हात धरायचा की नाही ते तुम्हीच सांगा. सूनबाई म्हणाली, धरा, पण दातांसाठी नव्हे, पेरूसाठी. हा हात मला हवाच आहे. आणि तिने पिशवी टेबलावर उलटी केली. एक डझन कच्चे पेरू होते आत. तिने ते चिरले आणि वाटले, मोठ्या बाईंनाही एक फोड. तेवीस तोंडांनी एकदम कच्चा पेरू चावला की कसा आवाज येतो, ते तुम्ही ऐकलं नसेल. मी ऐकला. बिनदाताचा बसून ऐकला. खाऊन झाल्यावर सगळी रांग नळावर गेली, चूळ भरायला. बरणी त्या दिवशी टेबलावर परत आली नाही. सोमवारी शाळा सुटताना वेळेवर आलेल्यांना गोळीऐवजी रंगीत खडू मिळाला. पहिल्याच आठवड्यात दोघांनी तोही खाऊन पाहिला, पण त्याने दात किडत नाहीत.

जिंकली म्हणून सूनबाई नाचली वगैरे नाही. वाटेत मला म्हणाली, बाबा, तो पिवळा पेरू खिशात परत ठेवलात ना, घरी कुस्करून देते. कवळी तिने रात्री धुतली, भिंगाखाली धरली, जिथे टोचलं होतं तिथे केसभर घासली आणि सकाळी माझ्या हातात दिली. मी ती बसवली, आरशात तो तिरका दात पाहिला, हसलो.

तेवढ्यात चिमणी तोंडात बोट घालून धावत आली. सगळ्यात मागे, खालच्या बाजूला, डावीकडे. सूनबाईने दिवा जवळ आणून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

"आली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुढच्या शनिवारी पेटी उचलायला या, बाबा. पण तोंड बंद ठेवून."

मी हो म्हटलं. आमची ही आतून म्हणाली, ते तुम्हाला पेरूपेक्षाही जड जाणार आहे.